माणसाआधी बोट हुडका : खलाशी पणजोबांचा जुन्या कागदांतून माग

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या एका ताईंचे पणजोबा मूळचे राजापूर तालुक्यातले, जैतापूरच्या खाडीकाठचे. मुंबईहून ‘क्लानच्या बोटीवर’ खलाशी म्हणून जायचे. पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. पुढे पणजी दोन मुलांना घेऊन अणुस्कुऱ्याचा घाट चढून भावाकडे कोल्हापुरात आली आणि घराणं इथलंच झालं. घरात एक पदक, मोडीतले दोन-तीन कागद आणि एवढीच हकीगत उरली आहे. इंटरनेटवर पणजोबांचं नाव घालून पुष्कळ शोधलं, हाती काही आलं नाही. आता पुढं कसं जावं, असं त्या विचारतात.

ताई, तुम्हाला काही मिळालं नाही म्हणजे नोंद नाही, असं मुळीच समजू नका. विलायती व्यापारी जहाजांचे कागद माणसाच्या नावानं लावलेलेच नाहीत. ते जहाजाच्या नावानं लावलेत. १८३५ च्या कायद्यापासून प्रत्येक कप्तानाला आपल्या खलाशांशी लेखी करार करून त्यांची यादी सरकारात भरावी लागे. त्या याद्यांचे ढीग आजही आहेत, पण त्यातल्या माणसांची एकत्र सूची नाही. १८४५ ते १८५३ या काळात खलाशांना तिकिटं दिली गेली, त्यांची नोंदवही आहे. १८५७ ते १९१३ पर्यंत मात्र नावावरून खलाशी सापडेल अशी मध्यवर्ती नोंदच ठेवली गेली नाही. १९१३ मध्ये पुन्हा कार्डं सुरू झाली, पण १९१३ ते १९१७ ची कार्डं आज उरलेली नाहीत. तुमच्या पणजोबांची वर्षं नेमकी त्या खिंडारात पडतात. म्हणून त्यांचं नाव थोडे दिवस बाजूला ठेवा. बोटीचं नाव आणि साल ही दोन माहिती हातात आली की पुढचा रस्ता मोकळा होतो.

बोटीचा अर्धा पत्ता तुमच्या घरात आहेच. ‘क्लानची बोट’ म्हणजे ग्लासगोच्या केझर मंडळींची क्लॅन लाइन. ही कंपनी १८७८ पासून ग्लासगो, लिव्हरपूल आणि मुंबई अशी बोटी चालवत होती. तिच्या बोटींची नावं ‘क्लॅन’नंच सुरू व्हायची : क्लॅन मॅकफार्लेन, क्लॅन मॅकटॅव्हिश, क्लॅन मॅकअॅलिस्टर. त्यामुळे घरात ‘क्लान’ एवढंच उरणं साहजिक आहे, पुढचं ‘मॅक’ कुणाच्या जिभेवर बसणार? या एका शब्दानं आपण शेकडो कंपन्यांतून एका ताफ्यावर येऊन थांबतो. हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून इथंच सांगतो. आज्जीच्या तोंडी ‘शिटी’ असेल तर ती बहुधा एलर्मन कंपनीची ‘सिटी ऑफ’ अमुक अशी बोट. नावाच्या शेवटी ‘आ’ असेल, टिलावा, द्वारका अशासारखं, तर आधी ब्रिटिश इंडिया कंपनी, म्हणजे जुन्या लोकांची ‘बी.आय.’, बघावी. शेवट ‘इया’ असेल तर अँकर लाइन. ‘जल’पासून नाव सुरू होत असेल तर सिंधिया, आणि मग काळ १९१९ नंतरचाच, कारण ती कंपनीच तेव्हाची. गडहिंग्लजकडचं एक कुटुंब ‘इलिशा बोट’ असं सांगत माझ्याकडे आलं होतं. घरच्यांना ते बाईचं नाव वाटायचं. ती अँकर लाइनची ‘एलिझिया’ निघाली. १९०८ साली बांधलेली, ग्लासगो-मुंबई फेऱ्या करणारी, १९४२ मध्ये बुडालेली. म्हणून घरातले शब्द जसे ऐकलेत तसेच लिहून ठेवा, शुद्ध करू नका.

आता गावाकडे जा. अगदी पहिल्यांदा हेच करा, कारण लंडनचा कागद थांबेल, गावातली पंचाऐंशी-नव्वदीची माणसं थांबणार नाहीत. पणजोबांबद्दल थेट विचारू नका. ‘त्यांच्याबरोबर गावातलं आणखी कोण कोण बोटीवर होतं आणि सारंग कोण होता?’ असं विचारा. त्या काळी मुंबईत भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हातून व्हायची, आणि सारंग आपल्याच गावची, आपल्याच भावकीतली, शेजारच्या वाडीतली माणसं घ्यायचा. एका बोटीच्या डेकवर एकाच खाडीची दहा-बारा माणसं असणं ही नेहमीची गोष्ट होती. त्यामुळे सारंगाचं नाव मिळालं की त्याच्या हाताखालची अख्खी टोळी मिळते. शेजारच्या घरात त्यांच्या आजोबांची नळी, म्हणजे सेवेची नोंद असलेला दाखला, जपून ठेवलेला असेल तर त्यावर बोटीचं नाव, तारखा, हुद्दा सगळं असतं. तुमच्या पणजोबांची बोट दुसऱ्याच्या ट्रंकेत सापडू शकते.

हुद्दाही विचारा. डेकवरची माणसं म्हणजे खलाशी, त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. सुकाणूवर सुकाणी, कोठारावर कसाब. खाली इंजिनात आगवाले, तेलवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. मुंबईहून भरणाऱ्या बोटींवर साधारण वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले आणि कच्छ-काठियावाडकडचे, इंजिनात पंजाबी-पठाण जास्त, आणि साहेबांच्या खाण्यापिण्याकडे गोव्याचे. अपवाद भरपूर होते, पण राजापूरचा माणूस म्हटल्यावर मी आधी डेकची यादी उघडतो. एक गोष्ट पक्की करून घ्या : पणजोबा आगबोटीवरच होते ना? गलबत, मचवा, पत्तेमारी यांवर तांडेलकी करणारेही ‘बोटीवर होते’ असंच सांगितलं जातं. गलबतावरचा माणूस या विलायती याद्यांत येत नाही, त्याचा शोध बंदराच्या जकातीच्या कागदांतून करावा लागतो आणि तो रस्ता सगळाच वेगळा आहे. तुमच्याकडे ‘क्लान’ शब्द आणि पदक दोन्ही आहेत, त्यामुळे ही शंका तुमच्यापुरती मिटते.

पदकाबद्दल. ते घरात ‘लष्कराचं’ म्हणून ओळखलं जातं असं तुम्ही लिहिलंय. उजेडात धरून बघा. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला वादळी समुद्रातून जाणारी आगबोट, मागं शिडाचं जहाज आणि बुडणारी पाणबुडी असेल तर ते मर्कंटाइल मरीन वॉर मेडल. ते काशाचं असतं आणि व्यापारी जहाजांवरच्या माणसांसाठीच काढलेलं आहे. फीत उरली असेल तर एका बाजूला हिरवी, एका बाजूला तांबडी आणि मधे पांढरी रेघ : जहाजाच्या दोन बाजूंच्या दिव्यांचे ते रंग. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस दिसला तर ते ब्रिटिश वॉर मेडल, तेही खलाशांना मिळालेलं असू शकतं. आता पदक आडवं धरा आणि कडेवरून बोट फिरवा. तिथं इंग्रजी अक्षरांत नाव ठोकलेलं असतं. भिंगातून अक्षर न अक्षर उतरवून घ्या, कारण सरकारी कारकुनानं त्यांचं नाव कसं लिहिलं याचा हा तुमच्या हातातला एकमेव पुरावा आहे. आणि कृपा करून पितांबरी, चिंच, राख काही लावू नका. पदकाचा चेहरा उजळतो पण कडेची अक्षरं झिजतात, आणि अशी झिजलेली पदकं मी इतकी पाहिलीत की हे प्रत्येकाला हात जोडून सांगतो. पदकावर बोटीचं नाव नसतं. ते फक्त सांगतं की हा माणूस युद्धाच्या धोक्याच्या पाण्यातून गेला होता.

पणजोबा युद्धात वारले असतील तर पुढचा टप्पा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या युद्धमृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची, यादी. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे, तिथं पहिल्या महायुद्धातल्या अविभाजित हिंदुस्थानच्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावं काशाच्या पाट्यांवर आहेत. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशी ही माणसं. कमिशनच्या यादीत हे ‘बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल’ म्हणून येतं. तुम्ही नाव घालून शोधलंत, म्हणून सापडलं नाही. नावाची चौकट रिकामी ठेवा, स्मारक निवडा आणि शोधात ‘क्लॅन’ शब्द घाला. मग जहाजवार माणसं समोर येतात, आणि अनेकांपुढे बापाचं नाव आणि गाव किंवा जिल्हा असतो. दुसऱ्या महायुद्धातले जवळपास सहा हजार व्यापारी खलाशी असेच वेगळ्या स्मारकात आहेत. ज्यांचे आजोबा १९३९ नंतर गेले त्यांनी ते बघावं.

इथं एक अट आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. सैनिक युद्धकाळात कसाही गेला तरी कमिशन त्याची नोंद ठेवतं. व्यापारी खलाशाची नोंद मात्र शत्रूच्या कारवाईत किंवा युद्धाशी जोडलेल्या कारणानं मृत्यू आला असेल तरच. न्यूमोनियानं गेला, फळीवरून गोदीत पडला, इंजिनात भाजला, तर तो या यादीत नाही. त्याला शोधायचं ते लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या बी.टी. ३३४ या नोंदवह्यांत (बी.टी. म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड, ब्रिटिश सरकारचं व्यापार खातं). १८९१ पासून समुद्रावर मेलेल्या खलाशांची आणि प्रवाशांची नोंद त्यांत आहे, मृत्यूचं कारण आणि ठिकाणासह. आपले कितीतरी लोक थंडीनं आणि छातीच्या आजारानं गेले. घरात ‘बोट बुडाली’ असं सांगत आले असले तरी तेच खरं धरून चालू नका.

क्लॅन लाइनपुरतं बघायचं तर युद्धात या कंपनीच्या बऱ्याच बोटी गेल्या. क्लॅन मॅकफार्लेन ३० डिसेंबर १९१५ ला भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ पाणबुडीनं बुडवली. त्याच दिवशी, त्याच भागात, त्याच जर्मन पाणबुडीनं पी अँड ओ कंपनीची पर्शिया बुडवली आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. पर्शियाची बातमी जगभर गाजली, मॅकफार्लेनची फारशी नाही. त्यामुळे एखाद्या घरात ‘पर्शिया’ सांगतात आणि माणूस मॅकफार्लेनवर असतो, असं होऊ शकतं. क्लॅन मॅकटॅव्हिश पुढच्याच महिन्यात, १६ जानेवारी १९१६ ला, मादेइराजवळ जर्मन लढाऊ जहाजानं बुडवली, तिच्यावरचेही खलाशी मेले. या दोन बोटींपासून सुरुवात करा. तुमच्या पणजीनं नवरा गेल्याची बातमी ‘संक्रांतीच्या सुमारास’ की ‘शिमग्याला’ की ‘भर पावसात’ आली असं काही सांगितलं असेल तर त्यावरून बोटींची यादी आणखी आखडते. बातमी गावात पोचायला महिने लागत, हा हिशेब धरून मागं जा.

मग १९१५ ची यादी. त्या एका वर्षाच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या उरलेल्या सगळ्या खलाशी-याद्या ग्रिनिचचं नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आणि नॅशनल आर्काइव्हज यांनी मिळून स्कॅन केल्या आहेत, स्वयंसेवकांनी नावं टाइप केली आहेत आणि हे सगळं फुकट बघता येतं. त्या काळात नावावरून, गावावरून शोधता येणारी एवढी मोठी जागा दुसरी नाही. पणजोबा १९१६ किंवा १९१७ मध्ये गेले असले तरी १९१५ मध्ये ते कुठल्यातरी बोटीवर असण्याची शक्यता मोठी, आणि सारंगाची टोळी सहसा त्याच कंपनीत फिरत राहायची. इथंही आधी जहाज घाला, मग यादी उघडून मूळ पानाचं चित्र बघा. टाइप केलेल्या नावावर विसंबू नका. ज्या स्वयंसेवकानं ते टाइप केलं तो इंग्लंडमधल्या एखाद्या गावातला सज्जन माणूस, त्याला ‘धोंडू’ आणि ‘पांडू’ यांतला फरक कळणं अवघड आहे.

नावांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथंच सगळे अडतात. यादीत आडनाव नसतं. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. म्हणजे ‘सखाराम धोंडू’ किंवा ‘इब्राहिम हसन’ एवढंच. आज तुम्ही जे आडनाव लावता ते कदाचित कोल्हापुरात शाळेत मुलाचं नाव घालताना पहिल्यांदा लिहिलं गेलं. त्या नावात पुन्हा इंग्रज कारकुनाचं कान आणि बोरू. सखारामचा ‘सुकाराम’ होतो, धोंडूचा ‘डोंडू’, विठूचा ‘व्हिटू’. गावाचं तर विचारूच नका : रत्नागिरी ‘रटनाघेरी’, चिपळूण ‘चिपलून’, राजापूर ‘राजापोर’, दापोलीच्या भागाला ‘सेव्हर्नद्रुग’ म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. म्हणून तोंडानं मोठ्यानं वाचा, डोळ्यांनी वाचू नका. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा थेट मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. वयावर भिस्त ठेवू नका, ते अंदाजानं लिहिलेलं असतं आणि चार-पाच वर्षं इकडंतिकडं सहज होतात.

बोटीचं नाव ठरलं की तिचा अधिकृत क्रमांक काढा. १८५५ पासून प्रत्येक ब्रिटिश जहाजाला एक नंबर मिळाला. जहाज विकलं, नाव बदललं, बंदर बदललं तरी तो नंबर बदलत नाही. एकाच नावाची दुसरी, तिसरी बोट कंपनी बांधत असे, त्यामुळे नुसत्या नावावर गेलात तर भलत्याच बोटीचे कागद मागवाल. हा नंबर क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट या संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि ‘मर्कंटाइल नेव्ही लिस्ट’ नावाच्या वार्षिक यादीतही. वहीच्या पहिल्या पानावर बोटीचं नाव, नंबर, बांधल्याचं साल लिहून ठेवा. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या नंबरावर चालतो.

कागद कुठं आहेत ते आता ऐका, कारण ते तीन ठिकाणी वाटले गेलेत. १८६१ ते १९३८ या काळातल्या याद्यांपैकी दहा टक्के नमुना म्हणून लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजनं ठेवला, बी.टी. ९९ या मालिकेत. ज्या सालाच्या शेवटी ५ येतो त्या सालांच्या उरलेल्या याद्या ग्रिनिचला. बाकी सगळं, म्हणजे जवळपास सत्तर टक्के, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात, मॅरिटाइम हिस्ट्री आर्काइव्हमध्ये. एवढे कागद जागेअभावी फेकून द्यायची वेळ आली होती, या विद्यापीठानं ते उचलले. माझ्या मनात त्या लोकांबद्दल फार आदर आहे, कोकणातल्या किती घरांचा इतिहास त्यांच्या फडताळात सुरक्षित आहे हे त्यांनाही ठाऊक नसेल. त्यांच्या संकेतस्थळावर नंबर घातला की त्या बोटीच्या कुठल्या वर्षांच्या याद्या त्यांच्याकडे आहेत ते लगेच दिसतं. १९३९ ते १९५० चे कागद मात्र सगळे लंडनला.

यादी हातात आली की काय दिसतं? मोठा, घडी घातलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद. वर जहाजाचं नाव आणि नंबर, कराराच्या अटी, किती शिधा द्यायचा तेही. खाली ओळीनं माणसं : नाव, वय, गाव किंवा जिल्हा, आधीचं जहाज, हुद्दा, महिन्याचा पगार, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि ठिकाण. गोऱ्यांचा पगार पौंडांत, आपल्या माणसांचा रुपयांत. शेवटच्या रकान्यात ‘डिस्चार्ज्ड’, म्हणजे काम संपवून मोकळा, असं असतं, किंवा आजारी पडून दवाखान्यात ठेवला, पळाला, मेला. ‘आधीचं जहाज’ हा रकाना सोन्याचा आहे. त्यावरून एक एक बोट मागं जात माणसाची बरीच वर्षं जोडता येतात.

आता अडचण. हिंदुस्थानी खलाशांचे करार वेगळ्या कागदावर होत. १८५९ च्या कायदा क्रमांक १ नं इथल्या बंदरांत शिपिंग मास्तर नेमले आणि करार त्यांच्यासमोर करायचा ठरला. त्यामुळे करार मुंबईत उघडून मुंबईतच मिटला असेल तर विलायतेच्या यादीत अनेकदा फक्त गोरे अधिकारी असतात आणि आपली माणसं नुसत्या आकड्यात. असं पान समोर आलं की मन खचतं. पण बोट जिथं जिथं गेली तिथल्या सरकारांनीही माणसं मोजली आहेत. सिडनीला पोचलेल्या जहाजांच्या १८४५ ते १९२२ या काळातल्या याद्या ‘मरिनर्स अँड शिप्स इन ऑस्ट्रेलियन वॉटर्स’ या नावानं उतरवून ठेवल्या आहेत, त्यांत खलाशी नावानिशी, वयासह येतात. न्यूयॉर्कला लागलेल्या बोटींच्या खलाशी-याद्या फॅमिलीसर्च या फुकट संकेतस्थळावर आहेत. त्या अमेरिकन यादीत तर उंची, वजन आणि अंगावरच्या खुणासुद्धा लिहायचे. फोटो नसलेल्या पणजोबांची उंची कळणं ही घरच्यांसाठी केवढी गोष्ट असते, ते मी पाहिलंय.

मृत्यू जहाजावर झाला असेल तर त्या फेरीची अधिकृत लॉगबुकही मागवा. १९१४ ते १९१८ च्या उरलेल्या सगळ्या लॉगबुका बी.टी. १६५ मध्ये राखून ठेवल्या आहेत. कप्तान त्यात मृत्यूची नोंद करी आणि माणसाच्या सामानाची यादी लिही, थकलेला पगार किती ते मांडी. बोट बुडाली असेल तर अर्थातच लॉगबुकही बोटीबरोबर गेली, मग आधीच्या फेरीची बघायची.

हे झालं समुद्रापलीकडचं. इकडचे कागद तितकेच महत्त्वाचे आणि तुम्हाला जवळचे. पहिला, राजापूर तहसीलमधून त्या गावचे जुने फेरफार. पणजोबांच्या नावावर गुंठाभर जमीन जरी असली तरी ते गेल्यावर वारसाची नोंद झाली असेल, आणि तलाठ्यानं मयत झाल्याचं साल, कधी कधी ‘परदेशी मयत’ असंही, टिपलेलं असतं. दुसरा, गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर. पणजोबांचा मृत्यू गावात झाला नाही म्हणून तो तिथं नसेलही, पण दोन मुलांचे जन्म असतील, आणि त्यांत बापाचं नाव पणजोबांच्या बापाच्या नावासह येईल. यादीतली ओळ जुळवायला तेच लागतं. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर ही मोडी रजिस्टरं बाहेर काढून स्कॅन केली गेली, बऱ्याच जिल्ह्यांनी ती आपापल्या संकेतस्थळावर टाकली. शोध जातीचा होता, पण आपल्यासारख्यांना आयतं दालन उघडलं. रत्नागिरी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तुमचं गाव बघा. तिसरा, कोल्हापुरातल्या ज्या शाळेत आजोबांना घातलं तिथलं जनरल रजिस्टर. बाप नसलेल्या मुलाचं नाव कुणी घातलं, मूळ गाव काय लिहिलं, जन्मतारीख कोणती सांगितली हे त्यात असतं आणि त्यावरून पणजी घाट चढून कधी आली याचा काळ ठरतो.

घरातले मोडी कागद स्वतः लावत बसू नका. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आहेत, इथलं पुरालेखागार संस्थानच्या मोडी दप्तरावरच उभं आहे, तिथं किंवा शिवाजी विद्यापीठात चौकशी केलीत तर जाणकार भेटतील. आधी कागदांचे मोबाइलवर सावलीत, सपाट ठेवून फोटो काढा, लॅमिनेशन अजिबात करू नका. मयत खलाशाचा थकलेला पगार आणि सामान शिपिंग मास्तराकडे जमा करायची तरतूद कायद्यात होती. पणजीनं ते पैसे मिळवायला अर्ज केला असेल तर तुमच्या ट्रंकेतला एखादा कागद त्याचीच नक्कल असू शकतो. तसं निघालं तर बोटीचं नाव त्यातच मिळेल आणि वरचे निम्मे कष्ट वाचतील. सरकारच्या बाजूचे कागद बघायला राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, व्यापार खात्याच्या जहाजविषयक फायली त्यात आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारातले मरीन खात्याचे खंड प्रत्यक्ष जाऊनच बघावे लागतात.

एखादं नाव मिळालं की लगेच ‘हेच आमचे’ असं ठरवू नका. सखाराम धोंडू त्या किनाऱ्यावर कितीतरी होते. मी तीन गोष्टी जुळल्याशिवाय हो म्हणत नाही : बापाचं नाव, गाव किंवा निदान तालुका, आणि यादीतले शेजारी. हे शेजारी सगळ्यात भरवशाचे. त्याच पानावर तुमच्या गावातल्या सारंगाचं नाव, त्याच वाडीतले आणखी दोघे दिसले तर शंका उरत नाही. म्हणूनच गावात जाऊन सोबत्यांची नावं विचारा असं मी सुरुवातीला म्हटलं. पदकाच्या कडेवरचं स्पेलिंग यादीतल्या स्पेलिंगशी तंतोतंत जुळेलच असं नाही, दोन वेगळ्या कारकुनांनी लिहिलेलं असतं.

पैसे कुठं घालायचे तेही सांगतो. वर्गणी मागणारी वंशावळीची संकेतस्थळं सध्या घेऊ नका. युद्धस्मारकाची यादी, १९१५ च्या याद्या, नंबर शोधायचं संकेतस्थळ, सिडनी आणि न्यूयॉर्क हे सगळं फुकट आहे आणि आधी तेवढंच संपवा. खर्च करायचा तो न्यूफाउंडलंड किंवा लंडनहून नक्कल मागवताना, आणि तोही बोट व साल ठरल्यावर. ई-मेल साध्या इंग्रजीत चार ओळींचं पुरतं : जहाजाचं नाव, अधिकृत क्रमांक, वर्ष, आणि ‘या जहाजाच्या त्या वर्षाच्या सर्व याद्या, हिंदुस्थानी खलाशांच्या वेगळ्या कराराच्या पानांसकट, मिळतील का आणि खर्च किती’ एवढं. शेवटची मागणी विसरू नका, कारण ती पानं वेगळी जोडलेली असतात आणि मागितली नाहीत तर नक्कल करणारा पहिलीच यादी पाठवून मोकळा होतो. मृत्यूच्या नोंदीसाठी लंडनला लिहाल तेव्हा बी.टी. ३३४ आणि बी.टी. १६५ हे दोन्ही क्रमांक द्या, आणि पणजोबांचं नाव पदकावर आहे तसंच लिहून खाली बापाच्या नावासह आणखी दोन-तीन संभाव्य स्पेलिंगं द्या.